ढिगाऱ्याचे शास्त्र

म्हातारपणी विसर पडायचाच, त्यात नवल ते काय, असे म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांचे अज्ञान प्रामाणिक असते, आणि प्रामाणिक अज्ञानाला औषध असते. माझे भांडण आहे ते गेली तीस-पस्तीस वर्षे ज्यांनी स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाची किल्ली आपल्या कमरेला लावून ठेवली त्या शहाण्यांशी. मेंदूत अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा ढिगारा साचतो. ढिगारा दिसतो म्हणून ढिगारा हेच कारण. ढिगारा उपसा म्हणजे रोग हटेल. एवढ्या तीन वाक्यांवर त्यांनी एक साम्राज्य उभे केले. हा ढिगारा उचलण्याचे काम कोणाचे होते, आणि त्याने ते का केले नाही, हा प्रश्न कोणत्याही नगरपालिकेतल्या साध्या मुकादमालाही सुचला असता. साम्राज्याच्या दरबारात त्याला बराच काळ मागच्या रांगेत बसवून ठेवण्यात आले.

ढिगारा खोटा नाही. १९०६ च्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत आलोइस अल्झायमर याने आपल्या एका रुग्ण बाईच्या मेंदूचे जे वर्णन केले, त्यात पेशींच्या बाहेर साचलेली ती विचित्र पुटे होती आणि पेशींच्या आत दोऱ्यांचे गुंतेही होते. अल्झायमरने पाहिले ते सांगितले. पुढे १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमिलॉइड वेगळे काढून दाखवले, १९९१ मध्ये काही कुटुंबांत त्याच्या मूळ प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला, आणि १९९२ मध्ये हार्डी व हिगिन्स यांनी 'अमिलॉइड आधी, बाकी सर्व त्याच्यामागून' हा सिद्धांत मांडला. सिद्धांत म्हणून तो उत्तमच होता. दुर्दैव असे की सिद्धांताचा लवकरच पंथ झाला. पंथ म्हटला की मठ आला, मठाची मिळकत आली, आणि मठाबाहेरच्यांना शिधा न देण्याची रीतही आली. अमेरिकेतल्याच कित्येक संशोधकांनी २०१९ मध्ये एका वृत्तपत्राला उघड सांगितले की वेगळ्या वाटेने जाऊ म्हटले तर अनुदान मिळेना, लेख छापून येईना. याच पंथात आवडीने उद्धृत होणारा २००६ सालचा एक निबंध, चित्रांत फेरफार आढळल्यावरून, २०२४ च्या जूनमध्ये मागे घेतला गेला. त्या एका निबंधावरच सारा डोलारा उभा होता असे काहीजण आता म्हणतात. ते खरे नाही. डोलारा अनेक प्रामाणिक माणसांनी उभारला होता, आणि मला जास्त काळजी वाटते ती त्याचीच. लबाडाला पकडता येते. प्रामाणिक एकांगीपणा कोणत्या कलमाखाली पकडणार?

बरे, ढिगारा उपसून पाहिला तर काय झाले? अडुकानुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेने जून २०२१ मध्ये परवानगी दिली, ती स्वतःच्याच तज्ज्ञ सल्लागारांचे मत डावलून. जानेवारी २०२४ मध्ये उत्पादकांनीच ते गुंडाळल्याचे जाहीर केले. त्याच्यामागून आलेले लेकानेमॅब अधिक प्रतिष्ठित. १७९५ रुग्ण, अठरा महिने, चोख चाचणी. मेंदूतले अमिलॉइड खरोखरच झपाट्याने उतरले. आणि रोग? अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक पडला ०.४५ गुणांचा. उतार सुरूच राहिला, जरा सावकाश झाला एवढेच. शिवाय दर आठांत सुमारे एकाच्या मेंदूला सूज आल्याचे चित्रणात दिसले. त्यांतल्या बहुतेकांना ती जाणवली नाही हे खरे. पण काहींना जाणवली. या औषधाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला अर्धा गुणही मोलाचा वाटतो, हे मी समजू शकतो. त्याच्या आशेची थट्टा करणार नाही. थट्टा करायचीच तर या अर्ध्या गुणाला विजय म्हणून पताका लावणाऱ्यांची.

आता दुसरी गोष्ट. बेल्जियममधल्या लुव्हाँ येथे ख्रिश्चन द डूव्ह हा शास्त्रज्ञ १९४९ च्या सुमारास इन्सुलिनच्या मागे लागला होता. उंदराचे यकृत वाटून त्यातल्या एका आम्लप्रिय पाचक द्रव्याचे मोजमाप घेताना ते अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. नमुने शीतपेटीत ठेवून दिले, काही दिवसांनी पुन्हा मोजले, तो द्रव्य पुरेपूर हजर! दुसऱ्या कोणी पहिले मोजमाप चुकले म्हणून फेकून दिले असते. द डूव्हने विचार केला की हे द्रव्य कुठल्यातरी पिशवीत बंद असले पाहिजे, आणि पिशवी शिळी होऊन फुटल्यावर बाहेर आले असले पाहिजे. १९५५ मध्ये त्या पिशवीला त्याने लायसोसोम हे नाव दिले. १९६३ मध्ये पेशी स्वतःचेच जुने भाग या पिशवीत घालून पचवते त्या क्रियेला 'स्वभक्षण' या अर्थाचा ग्रीक शब्द दिला, आणि १९७४ मध्ये तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला.

लायसोसोम ही पेशीची कचराकुंडी, असे शाळेच्या पुस्तकांत लिहिलेले असते. हे वाक्य मला अत्यंत चीड आणते. कचराकुंडीत कचरा पडून राहतो. लायसोसोममध्ये साठाहून अधिक विकरे, म्हणजे एन्झाइमे, जुनी प्रथिने, चरबी, मोडके भाग यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे नव्या बांधणीसाठी परत पाठवतात. त्यासाठी आतली आम्लता भोवतालच्या पेशीद्रवापेक्षा काही शेकडो पट जास्त राखावी लागते, आणि भिंतीतले पंप ती अहोरात्र राखतात. झाडणारा, निवडणारा, भंगार वितळवणारा आणि नवे सामान पुरवणारा असा हा एकच कामगार आहे. त्याला कुंडी म्हणणे म्हणजे झाडणाऱ्यालाच कचरा म्हणणे. आपल्या समाजाला ती सवय फार जुनी आहे, म्हणून हे वाक्य आपल्याला खटकत नसावे.

मेंदूतल्या मज्जापेशीला या कामगाराची गरज सर्वांत जास्त. कातडीची पेशी मळली तर गळून पडते, तिच्या जागी नवी येते. मज्जापेशीला हा मार्ग बंद आहे. जन्माला आली ती बहुधा आपल्याबरोबरच जायची. तिचा तंतू काही ठिकाणी मीटरभर लांब असतो, आणि टोकाला साचलेला मळ पचवण्यासाठी पेशीच्या मूळ गाठीपर्यंत वाहून आणावा लागतो. अशा घरात सत्तर-ऐंशी वर्षे झाडलोट चुकली नाही, हेच नवल म्हणायचे.

ही झाडलोट बंद पडली म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवले? म्हाताऱ्यांनी नव्हे, मुलांनी. १९६३ मध्ये हेर्स याने पॉम्पे रोगाचे मूळ लायसोसोममधल्या एका विकराच्या अभावात दाखवले, आणि त्यानंतर अशा रोगांची मालिकाच सापडली. आज त्यांची संख्या सत्तरीच्या आसपास आहे. एकेक विकर किंवा एकेक दार जन्मतःच नादुरुस्त. यांतले बहुसंख्य रोग मेंदूवर येतात. नीमन-पिक 'सी' नावाचा रोग घ्या. चालते-बोलते मूल अडखळू लागते, डोळे वरखाली फिरवता येईनासे होतात, शिकलेले शब्द हरवतात. त्या मुलाच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे गुंते सापडतात, अल्झायमरने १९०६ मध्ये सांगितले तसलेच. अमिलॉइडची पुटे मात्र सहसा नसतात. म्हणजे ढिगाऱ्यावाचून गुंता होतो. जे ढिगाऱ्याला आदिकारण म्हणतात त्यांनी या मुलांकडे एकदा तरी टक लावून पाहायला हवे होते. पण ही मुले 'दुर्मीळ', आणि दुर्मीळ रोगाला बाजार नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. प्रोग्रॅन्युलिन नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर उतारवयात कपाळामागचा मेंदू झिजून स्वभाव पालटणारा स्मृतिभ्रंश होतो. हे २००६ मध्ये कळले. दोन्ही प्रती बिघडल्या तर तरुणपणीच लायसोसोममध्ये मळ साचण्याचा रोग होतो. हे २०१२ मध्ये कळले. एकच जनुक, अर्धे गेले तर म्हाताऱ्यांच्या डॉक्टरकडे जायचे, पुरे गेले तर मुलांच्या. तिसरे गोशे रोगाचे. लायसोसोममधले एक विकर या रोगात दोन्हीकडून दुबळे असते. या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या घरांत पार्किन्सनचा कंप जास्त दिसतो, हे काही जागरूक डॉक्टरांच्या लक्षात आले. २००९ मध्ये एलेन सिड्रान्स्की आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी यांनी हजारो रुग्ण तपासून दाखवले की पार्किन्सनच्या रुग्णांत या जनुकाचा दोष असण्याचे प्रमाण इतरांच्या पाचपटीहून अधिक आहे. बहुसंख्य वाहकांना कंप कधीच होत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या लग्नाच्या बोलणीत कोणी याचे प्रमाणपत्र मागू लागेल.

आता कॅल्शियमकडे वळतो, आणि प्रथम एक विनंती. हे वाचून कोणी आपल्या हाडांसाठी घेतलेल्या गोळ्या बंद करू नयेत आणि वाढवूही नयेत. हाडांतले कॅल्शियम आणि पेशीतले निरोप्या कॅल्शियम यांचा संबंध हा खजिन्यातल्या चांदीचा आणि तारायंत्राच्या ठोक्याचा संबंध आहे. १८८३ मध्ये सिडनी रिंगर याने लंडनच्या नळाच्या पाण्यात बेडकाचे हृदय धडधडते आणि शुद्ध केलेल्या पाण्यात मंदावते हे पाहून कॅल्शियमचे हे दुसरे रूप उघड केले. पेशीच्या बाहेर कॅल्शियम जितके असते त्याच्या दहाहजारांश ती आत ठेवते. आत एवढी शांतता राखलेली असते म्हणूनच थोडासा शिरकावही हुकूम ठरतो. मज्जापेशीत हा हुकूम 'लक्षात ठेव' असा असू शकतो, आणि प्रमाण सुटले तर 'मर' असाही.

स्मृतिभ्रंशाचे मूळ या हुकुमांच्या बिघाडात असावे, हे झावेन खचातुरियन यांनी १९८० नंतरच्या दशकातच मांडले होते, आणि ते स्वतः अमेरिकेच्या वृद्धत्वविषयक राष्ट्रीय संस्थेत अल्झायमर संशोधनाची सूत्रे सांभाळत होते. तरीही हा विचार मागे पडला. मला वाटते त्याचे एक कारण असे की ढिगाऱ्याचे छायाचित्र निघते, हुकुमाचे निघत नाही. मरणोत्तर मेंदूत पुटे जशीच्या तशी सापडतात. कॅल्शियमचा ठोका प्राणाबरोबर जातो.

आणि इथेच झाडणारा व निरोप्या एकमेकांना भेटतात. लायसोसोम स्वतःच कॅल्शियमचा साठा आहे. भोवतालच्या पेशीद्रवापेक्षा त्यात ते काही हजार पट असते. त्याच्या भिंतीत टीआरपीएमएल-१ नावाचे एक दार आहे. दार उघडले की थोडे कॅल्शियम बाहेर येते, ते कॅल्सिन्यूरिन या विकराला जागे करते, ते टीएफईबी नावाच्या प्रथिनाची बेडी काढते, आणि ते प्रथिन केंद्रकात जाऊन नवी लायसोसोमे बांधण्याची जनुके चालू करते. नेपल्सजवळच्या आंद्रेआ बालाबियो यांच्या प्रयोगशाळेने ही साखळी २००९ ते २०१५ या काळात कडी कडी करून जुळवली. काम वाढले की कामगार स्वतःच घंटा वाजवतो आणि जोडीला माणसे बोलावतो, असा याचा अर्थ. आता घंटाच नादुरुस्त झाली तर? नीमन-पिक 'सी'च्या पेशींत ती तशी झालेली असते: साचलेल्या चरबीमुळे लायसोसोममधले कॅल्शियम बरेच घटते, हे फ्रान्सिस प्लॅट आणि एमिर लॉइड-इव्हान्स यांनी २००८ मध्ये ऑक्सफर्डहून दाखवले. हे दार जन्मतःच निकामी असलेल्या मुलांना म्यूकोलिपिडोसिस 'चार' हा रोग होतो, आणि त्यांची बुद्धी व दृष्टी दोन्ही खुंटतात.

अल्झायमरमध्ये यांतले काय घडते याबद्दल भांडण आहे, आणि ते मी लपवणार नाही. न्यूयॉर्कचे राल्फ निक्सन यांनी २०१० मध्ये मांडले की ज्या प्रेसेनिलिन जनुकातल्या दोषामुळे काही घराण्यांत तरुण वयातच हा रोग होतो, ते प्रथिन नसेल तर लायसोसोमचा आम्लपंप नीट बसत नाही. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने आक्षेप घेतला: पंप ठीक आहे, बिघडले आहे ते लायसोसोममधले कॅल्शियम! २०१५ मध्ये निक्सन यांनी उत्तर दिले की आम्लता गेल्यामुळेच कॅल्शियम गळते. भांडण अजून मिटलेले नाही. पण वाचकांनी हे भांडण कशावरून आहे ते पाहावे. आम्ल आधी की कॅल्शियम आधी, एवढ्यावरून. झाडणारा आजारी आहे, याबद्दल दोघांचेही एकमत आहे. पुढे २०२२ मध्ये निक्सन यांच्याच गटाने उंदरांच्या पाच निरनिराळ्या वाणांत दाखवले की आधी लायसोसोमची आम्लता उतरते, मग न पचलेले अमिलॉइड घेऊन फुगलेल्या पिशव्या पेशीच्या केंद्रकाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या पसरतात, मग पेशी मरते, आणि तिच्या जागी बाहेर जे उरते तेच ते प्रसिद्ध पूट. म्हणजे ज्याला आपण खुनी समजत होतो ते प्रेत निघाले! उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला मान्य आहे. पण लेकानेमॅबचा अर्धा गुण माणसांतलाच आहे, आणि त्याचा अर्थ या चित्रात सहज बसतो.

अमिलॉइडवाले इथे आपले बळकट हत्यार काढतात: एकविसावे गुणसूत्र जादा असलेल्या डाउनग्रस्तांना अमिलॉइडच्या जनुकाची तिसरी प्रत मिळते आणि चाळिशीनंतर त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसतात. याहून सरळ पुरावा कोणता? पुरावा सरळ आहेच. पण त्याच डाउनग्रस्तांच्या पेशींत २०१९ मध्ये असे आढळले की त्या जनुकाच्या प्रथिनाचा एक अर्धवट कापलेला तुकडा लायसोसोमची आम्लता बिघडवतो. हत्यार त्यांचेच, पण ते कोणाच्या दिशेने बोट दाखवते तेही त्यांनी पाहावे.

आमच्या बाजूने सगळे विजयच आहेत असे समजू नये. कॅल्शियमचे दार अडवणारे इस्रॅडिपिन हे रक्तदाबाचे औषध पार्किन्सनच्या रुग्णांना तीन वर्षे देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही. पेशीच्या बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमच्या एका वाटेवर पहारा ठेवणारे मेमँटिन २००३ पासून अमेरिकेत मिळते. त्याचा गुण थोडाच. पण दाराला कुलूप ठोकणे वेगळे आणि घंटा दुरुस्त करणे वेगळे. नीमन-पिक 'सी'साठी २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत एकाच आठवड्यात दोन औषधांना परवानगी मिळाली. त्यांतले एक ज्या जुन्या औषधापासून निघाले, ते फ्रान्समध्ये १९५७ पासून घेरीवर देत आले आहेत.

तसेच अँब्रॉक्सॉलचे. खोकल्याच्या बाटलीवर हे नाव आपल्यापैकी कित्येकांनी वाचले असेल. हे औषध गोशे रोगातल्या त्या दुबळ्या विकराला हात देऊन लायसोसोमपर्यंत पोचवते, म्हणून लंडनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर ते तपासले जात आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लहान चाचणीत ते मेंदूच्या पाण्यापर्यंत पोचते असे दिसले. २०२५ मध्ये कॅनडातून आलेल्या, पार्किन्सनसोबतच्या स्मृतिभ्रंशावरील चाचणीत ते निर्धोक ठरले, बुद्धीला मात्र स्पष्ट फायदा दिसला नाही. मोठ्या चाचणीचा निकाल यायचा आहे. या औषधाचे कूळ शोधत गेले तर ब्रोमहेक्सिन, आणि ब्रोमहेक्सिनचे कूळ अडुळशातले व्हॅसिसिन. झाले! आता आमचे अभिमानी लोक आजीच्या काढ्यात लायसोसोम शोधायला निघतील. ऑक्सफर्डच्या त्या २००८ च्या उंदरांना हळदीतले कुर्क्युमिन दिले होते, हे कळल्यावर तर बोलायलाच नको. उंदरांना गुण आला होता. मुलांना येतो असे अजून सिद्ध झालेले नाही. अडुळसा परसात होता तेव्हाही आमची म्हातारी माणसे विसरतच होती. अभिमान धरायचाच असेल तर अँब्रॉक्सॉलची चाचणी इथे, आपल्या रुग्णांवर, नीट पद्धतीने करण्याचा धरावा. स्वस्त आणि पेटंट संपलेल्या औषधात कारखानदारांना रस नसतो. म्हणूनच ते काम सरकारच्या पैशाने व्हायला हवे.

आपल्या देशात साठीवरच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे हा आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. आणि लायसोसोमच्या रोगांची मुले? २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात त्यांची सोय झाली, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांवर नेण्यात आली. पन्नास लाख ऐकायला डोंगर वाटतात. गोशेच्या मुलाला विकराची सुई जन्मभर लागते, वजनाप्रमाणे तिची मात्रा वाढते, आणि रक्कम मूल वाढत असतानाच संपते. मग मूल वाढणे हाच गुन्हा ठरतो. एवढ्या थोड्या मुलांवर एवढा खर्च कशाला, असे विचारणारे अर्थतज्ज्ञ आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना कोणीतरी सांगायला हवे की त्या ८८ लाख म्हाताऱ्यांच्या मेंदूत काय बिघडते याची ओळख जगाला ज्यांच्यामुळे होत आहे, त्यांत ही मुले आहेत. भारतातल्या गोशेच्या रुग्णांत त्या जनुकाचा जो दोष वारंवार सापडतो तो तीव्र प्रकारचा आहे, आणि पार्किन्सनचा धोका अधिक वाढवणाऱ्यांत तो गणला जातो. या कुटुंबांची नोंद ठेवली, त्यांच्या आजी-आजोबांना दर वर्षी तपासले, तर पुढच्या दहा वर्षांत आपण जगाला काही सांगू शकू.

मुंबईचे केईएम या दुर्मीळ रोगांसाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. अशा केंद्रांत मुलांचा विभाग असतो आणि मेंदूविकारांचाही असतो. मुलाचा केसपेपर लिहिताना, घरात कोणाचा हात थरथरतो का, एवढे विचारून लिहून घ्यायला नवे यंत्र लागत नाही की परदेशी औषध लागत नाही. येत्या सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागापासून ते सुरू करता येईल.